एक बॅग, दोन कप्पे

शुक्रवारी रात्री साडेअकरा. पलंगावर कॅमेऱ्याचं सगळं सामान मांडलेलं, आणि मी लॅपटॉपवर एक्सेल उघडून बसलेलो. रूममेटने दारातून डोकावून बघितलं आणि "लग्नाचा रुखवत मांडलायस का?" असं विचारून तो झोपायला गेला.

हसू नका. इंजिनीअरिंगला तिसऱ्या वर्षी अल्गोरिदम्समध्ये तो नॅपसॅक प्रॉब्लेम शिकलो होतो ना, चोराच्या पिशवीत मावेल एवढाच आणि जास्तीत जास्त किमतीचा माल भरायचा, तोच प्रकार. परीक्षेत सहा मार्कांना आला होता. आयुष्यात पहिल्यांदाच उपयोगी पडत होता, म्हणून मी खुशीत होतो.

गोष्ट एप्रिल २०२४ ची. ठरलं होतं असं, की शनिवारी पहाटे कुंभारगावला होडीतून फ्लेमिंगो (शुद्ध मराठीत रोहित) बघायचे आणि मग तसंच पुढे पळसदेवला जायचं. फ्लेमिंगो माझ्यासाठी. पळसदेव आजीसाठी. आमचं मूळ गाव पळसदेव, म्हणजे जुनं पळसदेव, जे आता उजनीच्या पोटात आहे. धरणाचं काम १९६६ ला सुरू झालं, १९८० ला संपलं. पाणी चढलं तेव्हा बाबा नऊ-दहा वर्षांचे होते. सोलापूर रस्त्यावर दिसतं ते नवं गाव. जुन्या गावातलं पळसनाथाचं देऊळ पाण्यातच असतं, आणि धरण फार खाली गेलं की बाहेर येतं. त्या वर्षी उजनी जानेवारीतच 'उणे'मध्ये गेलं होतं. (मृत साठ्यातलं पाणी वापरायला लागले की टक्केवारी उणे. आमच्याकडच्या लोकांना हे शिकवावं लागत नाही!)

आजी तेव्हा शहात्तर वर्षांची. गुडघे गेलेले. ती फोनवर एवढंच म्हणाली, "देऊळ उघडं पडलंय म्हणत्यात. न्ये की मला एकदा."

म्हणजे माझा एक हात दिवसभर आजीला द्यायचा. त्यामुळे पाठीवर एकच बॅग, आणि तीसुद्धा लहान, दोन कप्प्यांची. एका कप्प्यात कॅमेरा आणि त्याला लावलेली भाड्याची २००-५०० लेन्स. बॉडी अर्धा किलोसुद्धा नाही, लेन्स दोन किलो तीनशे ग्रॅम. दोन दिवसांचं भाडं १८०० रुपये भरलं होतं, त्यामुळे ती न नेण्याचा प्रश्नच नव्हता. फ्लेमिंगो जवळ येऊ देत नाहीत, आणि येऊ देत असले तरी आपण जाऊ नये. माझ्या क्रॉप सेन्सरवर ५०० चा अँगल ७५० सारखा मिळतो, तेवढा तिथे लागतोच.

राहिला एक कप्पा. त्यात मी बीनबॅग ठेवली होती. होडीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, होडी हलली की तोही हलतो. काठावर बीनबॅग ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की काम होतं. आईने जुन्या जीन्सच्या पायाची शिवून दिलेली, आत दीड किलो तांदूळ.

रात्री मुक्कामाला आलेली आजी पाणी प्यायला उठली आणि तिने ती उचलून बघितली.

"ह्यात काय हाय?"

"तांदूळ."

"आरं, शिजवायचं न्हाईत, खायचं न्हाईत, मग वज्जं कशाला? रिकामी पिशवी ने. माती काय कमी हाय व्हय तिकडं?"

बीई फर्स्ट क्लास आणि पाच वर्षांचा अनुभव, पण हे सुचलं नव्हतं. तांदूळ डब्यात परत गेले. कप्पा मोकळा झाला.

आता त्यात काय? किट लेन्सला गेल्या पावसाळ्यात बुरशी धरली होती (पुण्यातला जुलै आणि बंद कपाट, दोष माझाच). उरल्या दोन. एक माझी ३५ एमएम, लहानशी, हलकी, माझी लाडकी. दुसरी रूममेटची १०-२० वाइड, जी तो स्वतःहून देत होता. "देवळाला हीच लागेल बघ," तो म्हणाला होता. मी म्हटलं, त्या देवळाचे वाइडवरचे फोटो ढिगाने आहेत. खाली भेगाळलेली जमीन, मध्ये शिखर, वर मोठ्ठं आभाळ. मला तसा फोटो नको होता. शिवाय दुसऱ्याची लेन्स आणि तिथली धूळ! एक्सेलमध्ये १०-२० ला दहापैकी चार दिले, ३५ ला आठ. लॅपटॉप बंद.

कुंभारगावचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळं ठरल्यासारखं झालं. होडीवाल्या काकांनी लांबूनच इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी सरकवली. चित्रबलाक, शेकाट्या, राखी बगळे, आणि मग दीड-दोनशे फ्लेमिंगो, माना पाण्यात घालून. मातीने भरलेली बीनबॅग झकास बसली. मी वेड्यासारखे चारशे फोटो काढले. मध्येच वळून आजीचा काढावा म्हटलं, तर लेन्स नुसती पुढे-मागे घरंगळत राहिली. तिला फोकसला कमीत कमी सव्वादोन मीटर लागतात, आणि आजी माझ्यापासून हातभर अंतरावर.

"एवढी थोरली दुर्बीण, आन् म्हातारी दिसंना व्हय?" आजी म्हणाली. काका इतके हसले की होडी हलली.

दहाच्या सुमाराला पळसदेव. गाडीच्या काचा बंद करून आतच लेन्स बदलली. बाहेर वाळलेल्या गाळाची पिठासारखी धूळ होती, तिथे सेन्सर उघडा करणं म्हणजे कल्याणच. मग मी आजीचा हात धरला, बाबा पुढे.

मला वाटलं होतं आजी देवळापाशी थांबेल, रडेल वगैरे. तिने लांबूनच हात जोडले आणि ती पुढे चालायला लागली. तिला देऊळ बघायचं नव्हतंच, घर बघायचं होतं. घर म्हणजे जोतं. दगडांच्या ओळी, गाळात अर्धवट बुडालेल्या. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

आजी एका जोत्यावर जाऊन उभी राहिली. "ह्ये."

बाबा चाळीसेक पावलांवर दुसऱ्या जोत्यावर. "आई, ते नव्हे. हे आपलं. शाळेतून येताना देऊळ ह्या हाताला यायचं."

"तू काय सांगतुयास? मी सासरी आले ती ह्या उंबऱ्यातनं."

"उंबरा आहे कुठे तिथे?"

पंधरा मिनिटं चाललं हे. दोघंही आपापलं जोतं सोडून हलायला तयार नाहीत, जणू सोडलं तर दुसरं कोणीतरी येऊन बसेल. मी आजीचा हात धरून कॅमेरा डोळ्याला लावला. ३५ मध्ये आजी आली. बाबा नाहीत. बाबांकडे वळवला, तर आजी नाही, आणि देऊळ तर दोन्हींत नाही. मागे जायचं तर आजीचा हात सोडायला हवा, आणि ती दगडावर उभी होती. फोन? माझा फोन जुना, वाइडबिइड काही नाही. पॅनोरामा काढला, तर नेमके तेव्हाच बाबा चालायला लागले आणि त्यांना तीन पाय आले.

तेवढ्यात मला रूममेटची ती १०-२० आठवली. आजीच्या शेजारून, हात न सोडता, एका फ्रेममध्ये आजी, बाबा आणि देऊळ. चार मार्क दिले होते तिला मी.

शेवटी दोन वेगवेगळे फोटो काढले. दोन्ही चांगले आलेत. आजीचा तर फारच. पदर डोक्यावर, उन्हाने डोळे बारीक, पायाखाली ते दगड. दोन्ही मोठे करून गावच्या घरी शेजारी-शेजारी लावलेत. फ्लेमिंगो माझ्या हार्ड डिस्कवर.

पण कुठलं जोतं देवळाच्या कुठल्या अंगाला, हे त्या दोन फोटोंवरून कळत नाही. दिवाळीला घरी गेलो की बाबा आपल्या फोटोसमोर आणि आजी आपल्या, भांडण जिथे थांबलं तिथून सुरू. एकदा चुलतआजोबांना साक्षीला बोलावलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "देऊळ कुठाय ह्यात?"

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उजनी भरलं. २०२५ लाही भरलं. माझ्या सोलापूरकडच्या मित्रांसाठी आनंदाची गोष्ट आहे, उसासाठी तर आहेच. आजी मात्र दर रविवारी फोनवर तब्येत, जेवणखाण, लग्नाचं कुठवर आलं, हे सगळं विचारून झालं की शेवटी विचारते, "धरान किती टक्क्यावर हाय रं?"

मी बघून सांगतो. आणि हो, मार्चमध्ये मी एक सेकंडहँड १०-२० घेतली.