काटा खाली का येतो?

वसईच्या आमच्या घरी मागील पडवीत तांब्याचा बंब असे. त्याच्या मधल्या नळकांड्यात करवंट्या, नारळाची सोडणे आणि वाळलेल्या झावळ्यांचे तुकडे जळत आणि भोवतीचे पाणी तापवीत. वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतावे, की तेवढेच कढत पाणी तोटीतून बाहेर यावे, असा त्याचा रोखठोक व्यवहार होता. बंबाचे तोंड उघडे असल्यामुळे पाणी तापून फुगले तरी त्याला वाट मोकळी असे. काटा नाही, झडप नाही, तक्रार नाही. इंग्लंडमध्ये घरोघरी भिंतीवर टांगलेला असतो तो बॉयलरही बंबाच्याच कुळातला. फक्त त्याचे तोंड बंद केलेले आहे. या एका फरकात केवढे रामायण दडले आहे, ते आम्हाला स्विंडनमध्ये घर घेतल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात कळले.

स्विंडन हे लंडनहून आगगाडीने तासाभरावर असलेले जुने रेल्वेचे गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना १८४३ मध्ये येथे सुरू झाला आणि १९८६ मध्ये बंद पडला; कामगारांसाठी बांधलेल्या दगडी चाळवजा घरांच्या रांगा मात्र अजून उभ्या आहेत. गोव्याचे कॅथलिक बांधव येथे मोठ्या संख्येने राहतात आणि रविवारी होली रूड चर्चच्या दारात मिस्सानंतर कोंकणी कानावर पडते. माझी पत्नी परिचारिका. तिच्या नोकरीमुळे आम्ही या गावी आलो आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये विटांचे एक जुने घर विकत घेतले. त्यासाठी लागलेल्या पहिल्या रकमेतला मोठा भाग वसईच्या वाडीतला माझा वाटा विकून आला होता. आईने कागदावर सही करताना एक शब्दही काढला नाही. म्हणूनच त्या घरातली प्रत्येक नादुरुस्त वस्तू आम्हाला दुप्पट बोचत होती.

घर घेण्यापूर्वी तज्ज्ञाकडून त्याची पाहणी करून घेतात. परंतु हा तज्ज्ञ बॉयलर डोळ्यांनी पाहतो. तो चालवून, तपासून दाखवणे त्याच्या कामात येत नाही. विकणाऱ्याने भरून दिलेल्या छापील फॉर्मात ‘चालू स्थितीत’ असे लिहिले होते. त्याने खोटे लिहिले असे मी म्हणणार नाही. बॉयलर चालतच होता, दर दोन दिवसांनी त्याच्यात पाणी भरले तर.

हे यंत्र कसे चालते ते येथे सांगणे भाग आहे. कॉम्बी बॉयलर गॅसवर पाणी तापवून दोन कामे करतो: नळाला गरम पाणी देतो आणि खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांतून गरम पाणी फिरवून घर उबदार ठेवतो. रेडिएटरांतले पाणी नळाला येत नाही. तेच ते पाणी बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे फिरत राहते. यंत्र थंड असताना त्या पाण्याचा दाब साधारण १ ते १.५ बार असावा लागतो. दाब फार उतरला की बॉयलर स्वतःच्या रक्षणासाठी बंद होतो, काचेवर एक सांकेतिक अक्षर झळकते आणि घर गार पडू लागते. मग खालच्या बाजूला असलेली एक लवचिक नळी, तिला फिलिंग लूप म्हणतात, तिची चावी फिरवून मुख्य नळाचे पाणी आत घ्यायचे, काटा वर आणायचा आणि बॉयलर पुन्हा सुरू करायचा. हे काम घरमालकाने केले तरी चालते.

आमचा काटा दर दोन दिवसांनी खाली येई. बहुधा पहाटे. पत्नी रात्रपाळीला, आई नोव्हेंबरात वसईहून आलेली, वय चौऱ्याहत्तर, छातीचा जुना त्रास. घरातले तापमान तेरा अंशांवर उतरे आणि आई शालीवर शाल गुंडाळून जपमाळेचे मणी ओढीत बसे. ती कुरकुर करीत नसे, हेच अधिक जड जाई.

पहिला कारागीर आला, त्याने काटा पाहिला, पाणी भरले आणि पैसे घेऊन गेला. दुसरा अधिक कष्टाळू होता. त्याने प्रत्येक रेडिएटरचे सांधे तपासले. कुठे ओल दिसेना. तेव्हा त्याने गळती बुजवणारे एक द्रावण पाण्यात सोडले आणि सांगितले, की याने थांबले नाही तर नळी फरशीखाली फुटली असेल, नाहीतर बॉयलरच बदला. नव्या बॉयलरचा त्याने सांगितलेला आकडा तीन हजार पौंडांच्या वर होता. द्रावण घातले, चौथ्या दिवशी काटा खाली. आम्ही पुन्हा पाणी भरले. दर शनिवारी तेच पाप घेऊन पापनिवेदनाला जाणारा माणूस आणि त्याला तेच प्रायश्चित्त देणारे धर्मगुरू यांची मला त्या दिवसांत फार आठवण येई. दोघेही प्रामाणिक असतात. पण पाप कुठून येते, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नसतो.

त्यातच आगमनकाळात, डिसेंबर २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात, देशभर कडाक्याची थंडी पडली. रशियाने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत युक्रेनवर आक्रमण केल्यापासून गॅसचे भाव गगनाला भिडले होते, त्यामुळे बॉयलर चालला तरी धाकधूक आणि बंद पडला तरी धाकधूक. एका सकाळी तो बंद पडला, पण काटा जागेवर होता! अक्षरही वेगळे. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी पाहताक्षणी निदान केले. २००५ पासून इंग्लंडमध्ये बसवले जाणारे जवळपास सर्व बॉयलर धुरातल्या वाफेचीही उष्णता काढून घेतात. त्या वाफेचे पाणी होऊन एका प्लास्टिकच्या नळीने बाहेर जाते. ही नळी बारीक असेल आणि बाहेरच्या भिंतीवरून गेलेली असेल, तर थंडीत आतले पाणी गोठून तिचे तोंड बंद होते. गृहस्थांनी कोमट पाणी नळीवर ओतले. उकळते ओतू नये, नळी तडकते. अर्ध्या तासात बॉयलर चालू झाला. आमचा मूळ रोग मात्र तो नव्हे. ही नुसती पाहुणी सर्दी होती. दोन आजार एकाच अंथरुणावर आले की वैद्याची दिशाभूल होते ती अशी.

मूळ रोगाचा माग आईच्या बादलीने लागला. मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यामागे, भिंतीतून तांब्याची एक आखूड नळी खाली वाकलेली होती आणि तिच्यातून अधूनमधून पाणी ठिबके. आईने तिच्याखाली बादली ठेवली. विहिरीच्या पाण्याची किंमत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही सवय समजावून सांगायला नको. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टँकर आमच्या विहिरी उपसून नेऊ लागले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, तेव्हापासून आमच्या घरात वाहते पाणी कोणी पाहत उभे राहत नाही. पण दोन दिवसांनी आई म्हणाली, “अरे, हे पाणी झाडांना घालण्यासारखं नाही. काळपट आहे, लोखंडाचा वास येतो.” आणि आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. रेडिएटर तापलेले असतानाच पाणी पडते, एरवी फक्त थेंब.

तिसरा कारागीर वयस्क होता. त्याने आत येण्यापूर्वीच अंगणात चक्कर मारली आणि विचारले, ही बादली कोणी ठेवली? मी आईकडे बोट दाखवले. तो हसला आणि म्हणाला, माझे अर्धे काम झाले.

पुढचे अर्धे त्याने आमच्यासमोर केले. काटा थंड अवस्थेत १.२ वर आणून त्याने बॉयलर सुरू केला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. काटा चढू लागला. दीड, दोन, अडीच. वीस मिनिटांत तो ३ वर पोचला, आतून खट्ट असा आवाज झाला आणि अंगणातल्या बादलीत पाण्याची धार पडली.

पाणी दहा अंशांवरून ऐंशी अंशांपर्यंत तापवले की ते सुमारे ३ टक्के फुगते. घरातल्या नळ्यांत शंभर लिटर पाणी असेल, तर तीन लिटरांना नवी जागा हवी. पाणी दाबून लहान करता येत नाही. म्हणून बंद यंत्रात लोखंडी पत्र्याचे एक भांडे असते. आपण त्याला प्रसरणपात्र म्हणू. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. पडद्याच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला मोटारीच्या चाकात भरावी तशी हवा. पाणी फुगले की पडदा मागे सरतो, हवा दबते आणि पाण्याला जागा मिळते. पाणी निवले की हवा त्याला परत लोटते. आमच्या पात्राचा पडदा फाटला होता. कारागिराने हवेच्या झडपेची पिन दाबली, तर हवेऐवजी पाणी उडाले. जागाच न उरल्याने दाब ३ बारवर जाई, तेथे सुरक्षा-झडप उघडून पाणी बाहेर टाकी, आणि रात्री सगळे निवले की जेवढे गेले तेवढा काटा खाली. गळती कुठेच नव्हती. पाणी त्याच्यासाठी ठेवलेल्या दारातूनच जात होते. मग भिंतीच्या फटी बुजवणारे द्रावण काय करणार?

झडपही बिघडलीच होती. वारंवार उघडल्याने तिच्या बैठकीवर गाळ साचून ती पुरती मिटत नव्हती. थंडपणी पडणारे थेंब तिचे. नुसते पात्र बदलून तो गेला असता, तर काटा पुन्हा उतरला असता आणि आम्ही त्यालाही दोष दिला असता. आणि तो गाळ कुठला, तर आम्हीच, आणि आमच्याआधी त्या घरात राहणाऱ्यांनी, भरलेल्या पाण्याचा. ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो, लोखंड गंजते आणि काळा गाळ होतो. जुने, फिरून फिरून निवलेले पाणीच त्या नळ्यांना मानवते. उपचारच रोगाला खाऊ घालीत होता. फिलिंग लूपच्या चावीकडे बोट दाखवून कारागीर म्हणाला, ही नळी काम झाले की काढून ठेवायची असते. ज्या घरात ती कायम जोडलेली आणि जिची चावी अशी हाताळून गुळगुळीत झालेली दिसते, तेथे मी आधी अंगणात जातो.

मूळचे पात्र बॉयलरच्या पाठीमागे अडकलेले होते; ते काढायचे तर सारा बॉयलर उतरवावा लागला असता. म्हणून त्याने जवळच्या नळीवर नवे पात्र जोडले, झडप बदलली, काळे पाणी काढून टाकून गंजरोधक औषध घातले. सगळे चारशे पौंडांच्या आत.

ज्यांची मुले इकडे घरे घेत आहेत त्यांच्यासाठी एवढे सांगतो: गॅसच्या कामाला हात लावणारा गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदलेलाच असला पाहिजे, असा २००९ पासून नियम आहे. त्याच्याकडे छायाचित्र असलेले ओळखपत्र असते. ते मागून घ्यावे आणि उलटूनही पाहावे. कोणकोणत्या कामाची त्याला परवानगी आहे ते मागे लिहिलेले असते. मागायला संकोच वाटतो, पण चांगला कारागीर न मागताच दाखवतो.

तो नाताळ उबेत गेला. आईने आठवडाभर बादली तशीच ठेवली होती. ती कोरडी राहिली तेव्हा धुऊन न्हाणीघरात नेली. मार्चमध्ये ती वसईला परतली. काटा थंडपणी १.३ आणि तापल्यावर १.८ च्या आसपास असतो. फिलिंग लूपची नळी स्वयंपाकघराच्या खणात पडून आहे.