गुरूकडून मिळालेला वेग

१९६५च्या उन्हाळ्यात गॅरी फ्लँड्रो हा तरुण कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत दूरच्या ग्रहांच्या वाटा आखत होता. त्याच्या गणितातून विलक्षण गोष्ट निघाली. १९७०च्या दशकाअखेरीस गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून अशा बेताने एका अंगाला येणार होते, की एकच यान चौघांनाही गाठू शकेल. हा योग सुमारे १७५ वर्षांनी येतो. मागच्या खेपेला तर नेपच्यूनचा शोधही लागला नव्हता!

नेपच्यूनला थेट जायचे तर तीसेक वर्षे लागतात. तोडगा मायकेल मिनोविचने १९६१मध्येच मांडला होता. गुरूवरून पाहिले, तर यान ज्या वेगाने जवळ येते त्याच वेगाने दूर जाते. वळते ती दिशा. पण गुरू स्वतः सूर्याभोवती सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने धावतो. त्याच्या मागच्या अंगाने वळसा घेतला, की त्या धावेतला वाटा यानाच्या पदरात पडतो. गुरूची ऊर्जा तेवढीच घटते. त्याच्या अवाढव्य वस्तुमानापुढे ती घट जाणवतही नाही.

चार ग्रहांची भव्य योजना खर्चापायी बारगळली. मंजुरी मिळाली ती गुरू आणि शनीपुरती. तरीही २० ऑगस्ट १९७७ रोजी सुटलेल्या व्हॉयेजर २ची पुढची वाट अभियंत्यांनी मोकळी ठेवली, हे त्यांचे फार मोठे शहाणपण.

खरा कस लागला तो टायटनपाशी. शनीच्या या चंद्राला दाट वातावरण आहे. त्याच्या जवळून जाताना जोडीचे यान व्हॉयेजर १ ग्रहांच्या प्रतलाबाहेर फेकले जाणार होते. म्हणजे पुढे त्याला शक्य असलेल्या प्लूटोच्या भेटीवर पाणी सोडायचे. शिवाय ते तिथे अपयशी ठरले असते, तर व्हॉयेजर २लाच टायटनकडे वळवावे लागले असते आणि युरेनस, नेपच्यून दोन्ही हातचे गेले असते. नोव्हेंबर १९८०मध्ये छायाचित्रांत दिसले ते फक्त नारिंगी धुके. पण ते वातावरण मुख्यतः नायट्रोजनचे आहे आणि त्याचा पृष्ठभागावरचा दाब पृथ्वीच्या दीडपट आहे, हे त्याच भेटीत कळले. २००५मध्ये ह्युजेन्स हे यान टायटनवर उतरले, ते ही माहिती हाताशी घेऊन. प्लूटो सोडण्याचा निर्णय योग्यच होता.

व्हॉयेजर २ने १९८६मध्ये युरेनस आणि १९८९मध्ये नेपच्यून गाठला. त्यानंतर तिकडे एकही यान गेलेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०२२मध्ये युरेनस मोहिमेला अग्रक्रम देण्याची शिफारस केली. २०३१-३२मध्ये यान सुटले, तर गुरूची मदत पुन्हा मिळू शकते. त्यासाठी चौघांच्या योगाची गरज नाही. ही संधी दवडता कामा नये.