निसर्गरम्य हर्णै

'निसर्गरम्य' हा शब्द आता इतका गुळगुळीत झाला आहे की तो वाचताना डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. शालेय निबंधातली सहल निसर्गरम्य स्थळीच जाते, आणि पर्यटनाच्या पत्रकातले गावही तसेच असते. या शब्दाची खरी गोम अशी की त्यात पाहणारा गृहीत धरलेला असतो, राहणारा नसतो. रम्य कोणाला, हा प्रश्न तो विचारूच देत नाही. गेल्या माघात सहकुटुंब हर्णैला जाण्याचा योग आला आणि हा प्रश्न दिवसभर माझ्या मागे लागला.

चिपळूणहून खेड-दापोलीमार्गे आम्ही निघालो. बरोबर पत्नी, सहावीतली मुलगी आणि सत्त्याहत्तर वर्षांची आई. दापोली सोडून आसूदच्या उतारावर पोफळीच्या बागा लागल्या, तशी आई बोलायची थांबली. तिचे माहेर याच पट्ट्यातले. पण माहेरचे घर केव्हाच उरले नव्हते आणि हर्णैला ती साठाहून अधिक वर्षांनी येत होती.

हर्णैचे पहिले दर्शन कोणालाही मोहात पाडील असेच आहे. किनाऱ्यावर गोवा किल्ला, पुढे समुद्रात घुसलेल्या खडकावर कनकदुर्ग आणि त्यावरचे दीपगृह, शेजारी कोळ्यांच्या घरांनी भरून गेलेला फत्तेगड. आणि या सगळ्यांच्या समोर, पाण्याने वेढलेला सुवर्णदुर्ग. मुलीने लगोलग छायाचित्रे काढायला सुरुवात केली. चौकटीत किल्ला नीट बसतो, होड्या नीट बसतात, आकाशही बसते.

या किल्ल्याला चौकटीत बसवण्याचा उद्योग मात्र आजचा नाही. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे महत्त्वाचे ठाणे. पुढे तुळाजी आंग्र्यांचे आणि पेशव्यांचे बिनसले, पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला आणि १७५५च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. दुसऱ्याच वर्षी विजयदुर्गही पडला. जेम्स १७८३ साली वारला. त्याच्या पत्नीने १७८४ साली लंडनजवळच्या शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा बांधवला. त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजी जिभेवर वळलेला. तो मनोरा आजही उभा आहे आणि लोक त्यावर चढून लंडनचा देखावा पाहतात. इथल्या पराभवाचे तिथे एक रमणीय स्थळ झाले. दुरून पाहिले की रणभूमीचाही देखावा होतो.

दुपार कलली तशा होड्या बंदराकडे येऊ लागल्या. आम्ही पाहिले तेव्हा त्या खोल पाण्यातच थांबत होत्या आणि मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या समुद्रात शिरत होत्या. बैलांच्या पोटाला पाणी लागलेले, गाडीवान उभा, मागे मासळीने भरलेल्या पाट्या. मुलगी हरखून गेली. शेजारी बर्फ फोडणारा एक माणूस मात्र तिला म्हणाला, "बैलांना विचार एकदा, खाऱ्या पाण्यात पाय कसे होतात ते." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, रोजची माहिती सांगावी तसे तो सांगत होता.

मग वाळूत लिलाव सुरू झाला. कोळंबी, बांगडा, सुरमई, म्हाकूळ यांचे ढीग, भोवती माणसांची कडी आणि पुकारणाऱ्याचा चढता आवाज. एकेका ढिगाचा निकाल काही क्षणांत लागत होता. त्या क्षणांत डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा, कर्जाचा हप्ता हे सगळे चुकते व्हायचे किंवा राहून जायचे. कड्याबाहेर पाटीवर बसलेल्या एका बाईचे सारे लक्ष त्या आवाजाकडे होते. पलीकडे सूर्य मावळत होता. त्याच्याकडे पाहणारे आम्ही पाहुणे तेवढे होतो.

आणि एक माझी आई, जी पाण्याकडे पाहत होती, पण सूर्याकडे नव्हे. ती नऊ वर्षांची असताना शिक्षणासाठी मामाकडे गिरगावात जायला याच किनाऱ्यावरून निघाली होती. आगबोट दूर उभी असे. खलाशाच्या खांद्यावरून पडावात आणि पडावातून बोटीवर. तिचे वडील वाळूत उभे होते आणि पडाव हलला तसे लहान लहान होत गेले. पुढच्या श्रावणात ते गेले. पावसाळ्यात बोटी बंद असत, नद्यांनी अडवलेल्या रस्त्याने पोरीला कोण आणणार? पत्र मुंबईला पोचले तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. हे सगळे मला तुटक तुटक ठाऊक होते. पण "इथे उभे होते" असे म्हणून तिने वाळूतली जागा दाखवली, ती आयुष्यात पहिल्यांदा.

मुलीने विचारले, "आजी, किती सुंदर आहे ना गं हे?"

आई म्हणाली, "असेल बाई. आम्ही गेलो तेव्हा बघायला सवड नव्हती."

श्री. ना. पेंडसे याच तालुक्यातल्या मुर्डीचे. 'गारंबीचा बापू' (१९५२) वर्गात शिकवताना प्रादेशिक कादंबरीतील निसर्गवर्णन हा प्रश्न ठरलेला असतो आणि विद्यार्थी वर्णनाचे उतारे शोधून काढतात. पण पेंडश्यांकडे निसर्ग मागच्या पडद्यासारखा येत नाही. तो माणसांच्या भांडणात, पोटापाण्यात, हट्टात मिसळलेला असतो. त्याला वेगळा काढून 'रम्य' म्हणायचे तर आधी माणसे पुसावी लागतात.

३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळाने दापोली तालुक्याच्या या पट्ट्यातल्याही नारळी-पोफळी झोपवल्या, घरांची छपरे नेली. त्या वादळाचे नाव 'निसर्ग' होते. ते बांगलादेशाने सुचवलेले. बागायतदाराची पोफळ पुन्हा धरती होईपर्यंत कित्येक वर्षे जातात. त्याच्यापुढे आता 'निसर्ग' हा शब्द नुसता उच्चारला तरी त्याला पहिल्यांदा काय आठवत असेल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून सौंदर्य पाहूच नये असे माझे म्हणणे नाही. सुवर्णदुर्गाच्या तटावर पडलेला संध्याकाळचा प्रकाश खरोखरच सुंदर होता आणि मुलीला तो दिसला याचा मला आनंद आहे. मात्र परतताना खेडच्या अलीकडे तिने आजीला विचारले, "तू बोटीत रडलीस का गं?" त्यावर आई बराच वेळ बोलत राहिली: पडावातल्या ओल्या दोरखंडांबद्दल, मामाच्या ट्रंकेबद्दल, वडिलांच्या हातातल्या छत्रीबद्दल. छत्रीचे मला ठाऊक नव्हते. आता मुलीच्या छायाचित्रात हर्णैची वाळू दिसते तेव्हा तिथे एक माणूस छत्री घेऊन उभा असतो.