आप्पांचा खोका

आप्पांचा खोका दुरुस्त करायला घेतला आणि पहिल्याच दिवशी मी घाण केली. यूट्यूबवर जुन्या गिटार ॲम्पचे व्हिडिओ बघून बसलो होतो. कुणीतरी साठ वर्षांपूर्वीचा ॲम्प उघडतो, वरचं कव्हर सोलतो, लाकूड घासतो आणि शेवटी वस्तू आरशासारखी चमकते. मलाही तेच पाहिजे होतं. एक आधीचा फोटो, एक नंतरचा. म्हणून मी एका बाजूचं काळं रेक्झीन टराटरा ओढून काढलं.

आप्पा बाजेवर बसून बघत होते. "कशाला सोलायलास त्याला?" एवढंच म्हणाले.

आप्पा म्हणजे माझे चुलते. आमचं गाव लोहारा तालुक्यातलं, आणि त्यांची तिथं बँजो पार्टी होती. वरातीत आपण ज्याला बँजो म्हणतो तो खरं तर बुलबुल तरंग. जपानमध्ये नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली तैशोगोतो नावाचं वाद्य काढलं, त्याचाच हा भाऊबंद. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. तारांखाली पिकअप बसवला की तो इलेक्ट्रिक गिटारच्या घरात जातो, आणि मग त्यालाही ॲम्प्लिफायर लागतो. आप्पांचा ॲम्प्लिफायर आणि १२ इंची स्पीकर एकाच खोक्यात आहेत. खोका गावच्या सुताराने सागवानात केलेला, पुढची फळी तेवढी प्लायवुडची.

ॲम्प्लिफायरच्या आतल्या विजेला मी हात लावला नाही. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो, म्हणून ते काम उमरग्याच्या मेकॅनिककडून करून आणलं. माझ्याकडं फक्त लाकूड होतं. खोक्याचा उजवा खालचा कोपरा उघडला होता, त्यावर पत्र्याची पट्टी आणि चार स्क्रू. खालचा सूर लागला की तिथून चर्रर असा आवाज यायचा.

फोनवर एक ॲप घेतलं, हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सलग सूर काढणारं. ६० हर्ट्झपासून हळूहळू वर चढवत गेलो. ११०च्या आसपास खोका चरचरायला लागला. त्या कोपऱ्यावर तळहात दाबला की गप्प. स्पीकरचा कागद हलतो तेव्हा तो पुढच्या हवेसोबत आतली हवाही ढकलतो. खोक्याच्या फळ्या घट्ट असतील तर त्या गप्प राहतात. एक जरी सांधा सैल असला तरी ती फळी स्वतःच वाजायला लागते.

पत्रा काढला. आतल्या बाजूला अर्धवट छापील अक्षरं होती. तेलाच्या डब्याचा पत्रा. त्याखाली लाकडाचा चार बोटांचा तुकडाच नव्हता.

"हे कसं फुटलं, आप्पा?"

"भूकंपात."

२९ सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन. पार्टी शेजारच्या गावात वाजवून मध्यरात्रीनंतर परतली. खोका जड, कुणी घरात उचलून नेला नाही. अंगणात भिंतीला टेकवला आणि आप्पा ट्रॉलीतच आडवे झाले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीची ती रुंद भिंत आली, तिच्यामागून माळवदाची माती आली. आत आज्जी होती. मी तिला पाहिलेलं नाही, घरात तिचा फोटोही नाही. आठव्या दिवशी ढिगाऱ्यातून खोका निघाला.

"मदतीत तेलाचे डबे आले होते. त्यातला एक कापला," आप्पा म्हणाले. "वाजवायचं नव्हतंच. पत्र्याच्या शेडात बसून करावं काय? हाताला काम पाहिजे होतं."

हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. मी सोललेल्या बाजूकडं बघत राहिलो.

त्या दिवसापासून मी एकच प्रश्न धरला: वाजतंय काय? जे वाजतं ते बसवायचं. जे नुसतं दिसतं त्याला हात लावायचा नाही.

कोमट पाण्याच्या फडक्याने जुना सरस मऊ करून पटाशीने खरवडला. तुकड्यासाठी जुनं सागवान हवं होतं. आप्पा उठले, घरामागून तुळईचं एक टोक ओढत आणलं. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी बसवली, त्यात आमचंही. नव्या गावात घरं सिमेंटची, तुळईचं काही काम नव्हतं. तरी त्यांनी ती तीस वर्षं जपली होती.

"ही कापायची?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. करवत मागितली आणि वीतभर तुकडा स्वतः कापला.

सागवानात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी ते थिनरने पुसून घेतलं. तुकड्याचे रेषे फळीच्या रेषांना जुळवले, फेविकॉल लावला. शिकंजा नव्हता, तर सायकलची जुनी ट्यूब ताणून खोक्याभोवती आवळली. गुण्या लावून कोपरे तपासले आणि एक दिवस कुणी हात लावायचा नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ११० हर्ट्झला शांतता. २०० च्या पुढं परत चरचर, पण ती मुठीच्या सैल स्क्रूची निघाली. सोललेलं रेक्झीन परत चिकटवलं. जोड दिसतो. ती चूक माझी आहे, दिसू दे.

पत्र्याची आता गरज नव्हती. मी तो बाजूला ठेवला होता. आप्पांनी उचलला, त्याखाली ट्यूबचा एक तुकडा घातला म्हणजे तो वाजणार नाही, आणि स्क्रू नव्या जागी पिळून तो परत त्याच कोपऱ्यावर बसवला.

आता लग्नांना डीजे येतो. पार्टीतले दोघं वारले, एक पुण्यात वॉचमन आहे. आप्पांनी बँजो मांडीवर घेतला, खालची तार छेडली आणि डावा हात खोक्याच्या त्या कोपऱ्यावर ठेवला. बराच वेळ तसाच.

"नाही वाजत," म्हणाले.

नंतरचा फोटो मी काढला नाही.