परसातले दहा मीटर

ऑगस्ट 2024 मध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं आणि आमच्या लेकानं रायफलचा हट्ट धरला. 4.5 मिलिमीटरच्या, 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, हे आम्ही आधी विचारून घेतलं. तरी फुफीचा फोन आलाच, "आपल्या घरात बंदूक? लोक काय म्हणतील?" खरं सांगायचं तर ती भीती आमच्याही मनात होती. म्हणून खोकं उघडण्याआधी आम्ही दोघं शेजारच्या काकांकडे गेलो. काय आणलंय, कधी आणि कुठे चालवणार, सगळं सांगून आलो.

परसात विहीर ते कुंपण दहाच मीटर. लेकानं हिशेब मांडला: अंतर पाचपट कमी, तर निशाणही पाचपट लहान, म्हणजे डोळ्याला तेवढंच दिसेल. खरं निशाण 154.4 मिलिमीटर व्यासाचं, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. आमच्या कागदावर ते मोहरीच्या दाण्याएवढं झालं! पण छर्रा काही लहान होत नाही. तो कडेला लागला तरी दहा गुण पडायचे. मग ठरलं, छिद्राचा मध्य जिथे, तिथले गुण. 50 मीटरवरचा वारा मात्र परसात आणता येत नाही. इथे शिकायचं ते श्वास, उभं राहणं आणि घोड्यावरचं बोट.

पहिल्याच आठवड्यात चूक झाली, आणि ती आमची, मोठ्यांची. कागद सरळ जांभ्याच्या कुंपणावर लावला होता. छर्रा दगडावरून उसळला आणि काकांच्या पत्र्यावर टण्णकन वाजला. कुणाला लागलं नाही, अल्लाहचा शुक्र. रायफल कपाटात गेली. आम्ही माफी मागायला गेलो, तर काका म्हणाले, "बंद कशाला करता? पेटी करू." त्यांनीच फळ्या ठोकल्या, आम्ही जुन्या गोधड्या गच्च भरल्या. आता छर्रा पेटीतच राहतो. डोळ्यांना चष्मा आणि पेटीमागे कुणी नाही, याशिवाय रायफल भरायची नाही.

एकदा कुंपणावर होला येऊन बसला. लेकाची नळी किंचित वळली. आम्ही काही बोलायच्या आतच त्यानं ती खाली केली. जिवंत जिवाला निशाण करायला प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि भरलेली रायफल हातात असताना आठवणं वेगळं. त्या दिवशी त्याचे गुण कमीच पडले होते. आम्हाला मात्र तोच दिवस लक्षात राहिलाय.

असरनंतर अर्धा तास खेळ चालतो. गुणांची वही काका लिहितात. परवा फुफी आली, चष्मा लावून तिनंही पाच छर्रे मारले. कागदाला एकही लागला नाही. "वारा होता," म्हणाली.