पाणी जाणार कोठे?

घरात नवे न्हाणीघर बांधावयाचे ठरले म्हणजे पुरुषमंडळी फरशी कोणती आणि नळ कोणता यांची चर्चा करू लागतात. घरातील वडील स्त्री मात्र एकच प्रश्न विचारते, ‘पाणी जाणार कोठे?’ प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु गावोगावी रस्त्यांची, नळांची व गटारांची जी कामे आमच्या पाहण्यात आली, त्यांपैकी पुष्कळांत नेमका हाच प्रश्न विचारावयाचा राहून गेला होता. काम हाती घेण्यापूर्वी भोवतालच्या जमिनीवर, पाण्यावर व माणसांवर त्याचे काय परिणाम होतील हे तपासून पाहणे, यास हल्ली ‘पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव मोठे असले तरी त्याचे मर्म त्या गृहिणीच्या प्रश्नाहून निराळे नाही.

आमचे मूळ घर पाथरीचे. परभणी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव लहान खरे, पण जुने. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातील होते असे इतिहासकार सांगतात, आणि या गावासाठी निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही यांच्यात लढाया झाल्या. त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नहरीने पाणी आणले. डोंगराकडचे पाणी केवळ उताराच्या बळावर जमिनीखालून शहरात आले, ते आधी उतार मोजला म्हणून! आधी माप, मग खोदकाम, हा क्रम या मुलखास नवा नाही.

आमच्या पाथरीच्या घरी परसात आड होता. रहाटाने ओढलेले पाणी जपूनच वापरले जाई. मोरीचे पाणी केळीस आणि अळवास जाई. पाणी जाणार कोठे, याचे उत्तर परसातच होते. तथापि जुन्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या सोवळ्याओवळ्याच्या घरांची स्वच्छता दुसऱ्या माणसांच्या डोक्यावरून वाहून नेली जात असे. मैला हाताने साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले. तेव्हा भूमिगत गटारे नकोत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती हवीत, मात्र विचारपूर्वक हवीत, म्हणजे त्यांत उतरून जीव गमावण्याची वेळ कोणावर येणार नाही.

नळ आला आणि जुने उत्तर अपुरे पडले. भुयारी गटारे असलेल्या गावी दर माणशी दररोज १३५ लिटर आणि ती नसलेल्या गावी ७० लिटर पाणी द्यावे, असे आपल्या देशातील पाणीपुरवठ्याचे प्रमाण आहे. आणि पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा हिशेब धरतात. दहा हजार वस्तीचे गाव घेतले तर रोज साडेतेरा लाख लिटर पाणी आत येणार आणि सुमारे पावणेअकरा लाख लिटर बाहेर जाणार. एवढे पाणी केळीस घालावयाचे म्हटले तर गाव केळीच्या वनात बुडेल! जो नळयोजनेचा खर्च मंजूर करतो, त्याने या पावणेअकरा लाखांची वाट त्याच दिवशी ठरविली पाहिजे.

आमच्या भागाची जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्याबरोबर तीत पुरलेल्या नळांचे सांधेही हलतात. त्यातून आपल्याकडे पाणी येते ते ठरावीक वेळी, तास दोन तास. पाणी बंद झाले की नळातील दाब ओसरतो, आणि सांध्याशेजारी गटाराचे पाणी साचलेले असेल तर ते आत खेचले जाते. म्हणून पिण्याच्या पाण्याचा नळ गटारापासून शक्यतो ३ मीटर दूर असावा, आणि जेथे दोन्ही एकमेकांस ओलांडतात तेथे तो गटाराच्या वर असावा, असा स्थापत्यशास्त्राचा दंडक आहे.

हा दंडक मोडल्याचे फळ आम्ही दुसऱ्या एका गावी, आमच्या धाकट्या बहिणीच्या घरी पाहिले. त्या गावाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. घरापुढचा रस्ता सिमेंटचा झाला, पण जुना खरवडून नव्हे, तर जुन्यावर नवा थर चढवून. पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात जावे लागे. आता एक पायरी उतरावी लागते. मृगाच्या पहिल्याच सरीला पाणी माजघरात शिरले. वर्षाच्या आत तोच रस्ता नळासाठी फोडला गेला, आणि नळ गटाराच्या कडेने त्याच चरात टाकला गेला. श्रावणात बहिणीच्या नातवास कावीळ झाली. ती त्या पाण्यानेच झाली हे न्यायालयात सिद्ध करता येणार नाही. पण त्या आळीत तेव्हा आणखी चार घरी कावीळ होती. मुलगा बरा झाला. बहीण मात्र अजून पाणी उकळल्यावाचून देवापुढेही ठेवीत नाही.

ही एकट्या घराची कहाणी नव्हे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाणी-उपशाच्या ठिकाणी नाल्याचे घाण पाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांस कावीळ झाली. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडील वस्तीत हातापायांतील बळ नाहीसे करणाऱ्या गियाँ-बारे या विकाराची साथ उद्भवली, तेव्हाही संशयाचे बोट दूषित पाण्याकडेच वळले.

मग कायदा काय म्हणतो? पर्यावरण संरक्षणाचा कायदा १९८६ सालचा. त्याखाली १९९४ साली व नंतर १४ सप्टेंबर २००६ रोजी अधिसूचना निघाल्या आणि धरणे, खाणी, मोठे महामार्ग अशा कामांस पूर्वपरवानगीचे व मूल्यमापनाचे बंधन आले. परंतु गावातील रस्ता, नळयोजना व भुयारी गटार ही कामे त्या यादीत नाहीत. सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रास १९७४ च्या जलप्रदूषणाच्या कायद्याप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, इतकेच. ज्या कामाची माती प्रत्यक्ष आमच्या उंबऱ्यावर येऊन पडते, त्यासाठी परिणामांचा लेखी विचार करण्याचे बंधन मात्र नाही, हे नवल नव्हे काय?

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात यासाठी एक बरी रीत पडली आहे. तेथे पर्यावरणीय मूल्यमापनाचा कायदा १९७५ साली झाला, आणि नगरपालिकांच्या रस्ते, पाणी व गटारे यांच्या कामांसाठी पुढे एक ठराविक पद्धत आखण्यात आली. किरकोळ दुरुस्तीस फारसे सोपस्कार नाहीत. मोठ्या कामाच्या वेळी मात्र आधी अडचण कोणती ते लिहावयाचे, मग ती दूर करण्याचे सर्व मार्ग मांडावयाचे, ‘काहीच न करणे’ हाही त्यांतलाच एक! नंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारावयाचे, आणि शेवटी अहवाल ३० दिवस लोकांपुढे ठेवावयाचा. गरीब नगरपालिकेस हा थाट परवडणार नाही, असे कोणी म्हणतील. थाट नसेना का. पण एका कागदावर पाच प्रश्न लिहिण्यास काय खर्च येतो? पाणी कोठून येणार? वापरलेले पाणी कोठे जाणार? रस्त्याची पातळी उंबऱ्याच्या खाली राहील की वर? आधी गटार, मग नळ, मग रस्ता हा क्रम पाळला जाईल ना? आणि पंपाचे वीजबिल दहा वर्षांनी कोण भरणार?

हे प्रश्न पाथरीस आज अधिकच लागू आहेत. शिर्डीच्या साईबाबांचे हे जन्मस्थान अशी येथे पुष्कळांची श्रद्धा असून गावात त्यांचे मंदिर आहे. २०२० च्या जानेवारीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा केली. शिर्डीकरांस ते रुचले नाही. १९ जानेवारीस तेथे बंद पाळण्यात आला आणि वर्तमानपत्रांचे रकाने जन्मस्थानाच्या वादाने भरून गेले. त्या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्या मनात आले ते एवढेच, की यात्रेकरू येणार तर त्यांना पाणी लागणार, आणि ते कोठे तरी जाणार. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या तालुक्यातून जातो; गोदावरीवर ढालेगावचा बंधारा आहे. आमच्याकडे गोदावरीस गंगाच म्हणतात. नाशिक-पैठणकडून येणारे पाणी स्वच्छ असावे अशी आम्ही अपेक्षा करतो. तीच अपेक्षा आमच्या खालच्या अंगास असलेल्या, जनाबाईंच्या गंगाखेडच्या लोकांनी आमच्याकडून का करू नये?

कायद्याची यादी बदलेल तेव्हा बदलो. तोवर सुज्ञ वाचकांच्या हाती एक साधन आहेच. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने कोणाही नागरिकास सार्वजनिक कामाचे अंदाजपत्रक व नकाशे पाहता येतात, चालू कामाची पाहणी करता येते, वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. आमची विनंती इतकीच, की आपल्या आळीत कुदळ पडण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या बायकांना सोबत घेऊन तो नकाशा एकदा पाहून यावा. अभियंता पातळीची गणिते जाणतो. पण पावसाचे पाणी कोणत्या कोपऱ्यात तुंबते हे त्यांना चाळीस वर्षांचे ठाऊक असते. खडू ओला होण्याच्या आत पाटीवरचा आकडा पुसणे सोपे. सिमेंट वाळल्यावर मात्र घणच लागतो.