कडगंचीतील वसते घर

कलबुर्गीहून, म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या गुलबर्ग्याहून, आळंदकडे निघाले की तुरीच्या काळ्या रानांतून जाणाऱ्या रस्त्यावर कडगंची लागते. आपल्या घरांतून हे नाव परिचित आहे ते ‘गुरुचरित्रा’मुळे. श्रीनृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव येथले आणि त्यांच्याच वंशातील सरस्वती गंगाधर यांनी तो ग्रंथ रचला. कन्नड मुलखातील या घराण्याने मराठीला असा ग्रंथ द्यावा, यात सीमाभागाचे सारे मर्म आले.

दत्तमंदिरात पादुकांचे दर्शन घेऊन यात्रेकरू गाणगापूरची वाट धरतात. आम्ही मात्र या खेपेस गावात रेंगाळलो. उतारवयात येथेच राहावे, असे आम्हा उभयतांच्या मनात होते. शहाबादी फरशीचे, दोन खोल्या आणि पुढे ओटा असलेले एक लहानसे घर विकाऊ असल्याचे समजले होते.

घर होते, पण रिकामे नव्हते. २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचा परिसर याच गावाजवळ आहे. विद्यार्थ्यांचे डबे करून संसार चालविणारी एक बाई दोन मुलांसह तेथे भाड्याने राहत होती. मालक म्हणाले, “तुम्ही खरेदी करा, आठ दिवसांत घर मोकळे होईल.” हे आश्वासन किती पोकळ आहे, हे वाचकांनी जाणून घ्यावे.

विक्रीने भाडेकरार संपत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो; हक्कांबरोबर जबाबदाऱ्याही त्याच्याकडे येतात. विक्रीची वार्ता नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला दिलेले भाडे नव्या मालकास पुन्हा मागता येत नाही. महिन्यागणिक चालणारे राहते भाडे संपविण्यास, वेगळा करार वा स्थानिक कायदा नसेल तर, कलम १०६ ची पंधरा दिवसांची नोटीस लागते. त्यानंतरही घर न सुटल्यास दिवाणी न्यायालय गाठावे लागते. महाराष्ट्रातील १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तर, मालकाची गरज खरी ठरली तरी, अधिक हाल कोणाचे होतील हे न्यायालय तोलून पाहते.

कागदांचीही येथे निराळीच तऱ्हा. निजामी अमदानीतले कागद उर्दूत आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरचे कन्नडात. ग्रामपंचायतीच्या ‘ई-स्वत्तु’ नोंदीतील नमुना ९ व ११ जाणत्याकडून वाचून घ्यावेत, बोजाचा दाखला पाहावा, आणि भाडेकरूची अनामत कोण परत करणार हे खरेदीखतातच लिहावे.

परंतु कायद्याने न सुटणारा प्रश्न ओट्यावर बसला होता. बाईंनी आम्हांस चहा दिला. आम्ही म्हटले, “अक्का, हे घर आम्ही राहण्यासाठी घेतो आहोत. तुमची अडचण काय ते मोकळेपणी सांगा.” त्या म्हणाल्या, “काका, मुलांची परीक्षा होईतो राहू द्या. आणि नवी जागा दूर मिळाली तर डब्याची गिऱ्हाइके तुटतील.” रास्त मागणे होते. आम्ही विसार देऊन खरेदी परीक्षेनंतरवर ठेवली. जवळच दुसरी जागा शोधण्याचे मालकांनी पत्करले. बाईंची अनामत त्यांच्या हाती पडल्यावर आणि घर मोकळे झाल्यावरच उरलेली रक्कम द्यावयाची, असे तिघांच्या सह्यांनी लिहून ठेवले. आम्हांस चार महिने अधिक थांबावे लागले आणि तोवर आमच्या शहरातल्या जागेचे भाडे भरावे लागले. तो खर्च आम्ही घराच्या किमतीतच धरला.

‘गुरुचरित्रा’त सायंदेवाला सांगितलेल्या कथेत गुरू शिष्याकडे कधीही जुने न होणारे घर मागतात. प्रपंचात अशी घरे मिळत नाहीत. येथे भिंतींना दुसऱ्याच्या चुलीचा धूर लागलेला असतो. घर घेणाऱ्याने ती चूल कोठे मांडली जाईल हे आधी पाहावे, मग आपला गृहप्रवेशाचा मुहूर्त काढावा.